दोन्ही टोकांना कुंकू

“पूजा काय करायची ती वरनं कर. सेटला फूल वाहा, उदबत्ती लाव, नारळ फोड. पण बॅटरीला हात लावायचा न्हाई,” अण्णा फडतऱ्यांनी सायकलला पिशवी अडकवत मला बजावलं. “उद्या दुपारी मी येतोयच. तिची आंघोळ मी घालीन.”

“अण्णा, मी वायरमन हाय. चारशे चाळीसच्या लायनीवर चढतो मी.”

“म्हणूनच सांगतोय,” असं म्हणून त्यांनी सायकलवर टांग टाकली आणि ते फाट्याकडे निघाले.

ही शहाऐंशी सालातली खंडेनवमीची सकाळ. मी तेव्हा उंबरडोह धरणावर रोजंदारीवर वायरमन होतो. आयटीआय पास होऊन चार वर्षं झाली होती, आणि पौषापर्यंत कायम झाल्याची ऑर्डर येईल असं साहेबांनी सांगितल्यापासून माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. अण्णा धरणाचे वायरलेस ऑपरेटर. फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होते, तिथून सुटून इथे आले त्याला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षांत त्यांचा एकही संदेश चुकला नव्हता. ही ऐकीव गोष्ट नाही, तशी वहीच होती: तारीख, वेळ, पाण्याची पातळी, समोरच्याची पोच. साहेबांनी त्यांचं नाव सव्वीस जानेवारीच्या सत्कारासाठी वर पाठवलं होतं. अण्णा त्याबद्दल अक्षर काढत नसत, पण त्यांनी नवा कोट शिवायला टाकला होता, हे मला शिंप्याकडून कळलं होतं.

त्या दिवशी त्यांच्या धाकटीला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून ते एक दिवस फडतरवाडीला निघाले होते. नाहीतर अण्णांना खोली सोडवत नसे. खोली म्हणजे धरणाच्या भिंतीच्या टोकाला दहा बाय बाराची कौलारू वायरलेस खोली. टेबलावर ट्रंकेएवढा सेट, शेजारी मेन्सवर चालणारा लोखंडी डबा, आणि टेबलाखाली झाकणाच्या लाकडी पेटीत बारा व्होल्टची बॅटरी. मधे एक खटका. लाईट असली की खटका मेन्सकडे, लाईट गेली की बॅटरीकडे. टेलिफोन होता, पण तो गणपतीपासून मुका झाला होता. धरणाचे दरवाजे उघडायचे झाले तर आधी खाली नऊ किलोमीटरवरच्या खडकवळच्या पोलीस चौकीला वायरलेसवर सांगायचं, त्यांनी गावात सांगून शेळवी नदीचं पात्र मोकळं करायचं, पोच आली की मगच दरवाजा वर, असा नियम होता. नदीकाठच्या माणसांचा जीव त्या पेटीतल्या बॅटरीवर होता असं म्हटलं तरी चालेल. पण तेव्हा मला असं कोणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो.

कारण मला बॅटरीचं काही वाटतच नसे. मेन्सचं काम मी डोळ्यांत तेल घालून करत असे. आधी मेन स्विच बंद, फ्यूज काढून खिशात, पायाखाली कोरडी फळी, टेस्टरने दोनदा बघणार, अर्थिंगची तार ओढून बघितल्याशिवाय मोटर चालू करणार नाही. माझ्या चुलतभावाला मी खांबावर चिकटलेला पाहिला होता, त्यामुळे ही शिस्त मला कोणी शिकवावी लागली नव्हती. पण बारा व्होल्ट म्हणजे काय, ओल्या हाताने धरलं तरी मुंगी चावल्याएवढंही कळत नाही.

अण्णा मला म्हणायचे, “मेन्सला तू भितोस, म्हणून तिला जपतोस. बॅटरीला कोण भीत न्हाई, म्हणून ती घात करती. अन् मेन्सला उलटं-सुलटं नसतं, सर्जा. बल्बच्या दोन वायरी कशाबी लाव, पेटतो. बॅटरीला तोंड एकीकडं अन् पाठ एकीकडं. उलटी जोडलीस तर सेट जळून जाईल.”

“बघून जोडलं की झालं.”

“बघून न्हाई. मीटर लावून.”

त्यांचा मीटर चामड्याच्या म्यानात असायचा, फौजेतून आणलेला. त्या बॅटरीवरची अधिक-उणेची खूण ॲसिडने कधीच खाऊन टाकली होती. लाल ऑइलपेंट लावला तर तोही महिन्याभरात उडायचा. म्हणून अण्णांनी स्वतःची युक्ती काढली होती. बॅटरीच्या टोकांना गंज चढू नये म्हणून व्हॅसलीन लावतातच, तर ते घरून आणलेलं चिमूटभर कुंकू व्हॅसलीनमध्ये कालवायचे आणि तो लाल लेप फक्त अधिकच्या टोकाला लावायचे. दर सोमवारी गरम पाण्याने टोकं पुसायची आणि नवा लेप द्यायचा. दुसऱ्या टोकाला नुसतं पांढरं व्हॅसलीन. ज्याला कुंकू ते अधिक. एवढी सोपी खूण होती.

आता माझी बाजू सांगतो, म्हणजे त्यात बाजू अशी काही नाही, पण सांगतो. मी लोहाराचा पोर. आमच्या घरी खंडेनवमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. बाप आदल्या रात्रीपासून भात्याला, ऐरणीला, हातोड्यांना हात लावू द्यायचा नाही. सकाळी एकेक हत्यार रिठ्याच्या पाण्याने धुऊन, पुसून, पाटावर ओळीने मांडायचा. एक चिमटा जरी पूजेतून राहिला तरी तो वर्षभर रुसतो अशी त्याची समजूत होती. त्या सकाळी मी जनरेटर धुतला, दरवाजांच्या मोटरी पुसल्या, माझ्या पकडी-पाने मांडले, सगळ्यांना हळद-कुंकू लावलं. वायरलेस खोलीत सेटला हार घातला. आणि मग टेबलाखालची पेटी दिसली. वर्षभर राबते बिचारी, आणि आजच्या दिवशी तिला अंधारात ठेवायचं, हे काही मनाला पटेना.

मी तारा सोडल्या आणि बॅटरी बाहेर काढली. रिठ्याचं पाणी, जुना ब्रश, चांगली घासूनपुसून लख्ख केली. तारेतल्या काचेच्या फ्यूजवर पाण्याचा डबा आपटला आणि तो फुटला. आता फाट्यावर कोण जाणार, म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूजच्या जागी बसवली. ही आम्हा वायरमन लोकांची जुनी खोड. मग बॅटरी पाटावर ठेवली आणि हळद-कुंकू लावलं. दोन्ही टोकांना लावलं. एकाला कुंकू आणि दुसरं मोकळं, हे बरं दिसत नव्हतं. मधे झेंडूचं फूल ठेवलं, नमस्कार केला.

परत जोडताना माझ्या लक्षात आलं की आता दोन्ही टोकं लाल आहेत.

अण्णांचा मीटर कपाटात कुलपात. पण एक टोक दुसऱ्यापेक्षा किंचित जाड असतं आणि जाड ते अधिक, हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मी बोटांनी चाचपून बघितलं. हळद-कुंकवाच्या थराखाली दोन्ही सारखीच जाड लागली. मग मी बॅटरी परत पेटीत ठेवून मनाशी आठवलं की लाल तार भिंतीकडे होती. बॅटरी मी पाटावरून उचलताना फिरवली होती हे मात्र आठवलं नाही. तारा आवळल्या आणि माझ्या पद्धतीने तपासलं: टेस्ट लॅम्प लावला. बारा व्होल्टचा छोटा बल्ब झकास पेटला. पेटला म्हणजे जोडणी बरोबर, हे माझं मेन्सवरचं ज्ञान. त्या बल्बला उलटं-सुलटं कळत नाही, हे मला अण्णांनी चार दिवसांपूर्वीच सांगितलेलं होतं. मी झाकण लावलं आणि प्रसादाचं खोबरं वाटायला गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा आले. पाहुण्यांनी मुलगी पसंत केली होती, त्यामुळे स्वारी खुशीत होती. खिशातून आपट्याची पानं काढून त्यांनी आधी आमच्या शाखा अभियंत्यांना, कुलथे साहेबांना सोनं दिलं, मग मला.

“सोनं घे, सर्जा. सोन्यासारखा राहा.”

मी वाकून पाया पडलो. ते खुर्चीत बसले, सेटचा हार सरळ केला, वहीत कुलथे साहेबांनी घेतलेल्या नोंदी वाचल्या. मग वाकून टेबलाखाली बघितलं. बराच वेळ बघितलं, असं मला आता वाटतं. त्यांचा हात झाकणाकडे गेला.

“बॅटरीला हात न्हाई ना लावलास?”

माझ्या हातात त्यांनी दिलेली पानं होती. सणाच्या दिवशी बोलणी कोण खाणार, असं मनात आलं. तेवढंच. फार मोठा विचार काही नव्हता.

“न्हाई, अण्णा. वरनंच फूल वाहिलं.”

त्यांनी हात मागे घेतला.

“बरं,” ते म्हणाले आणि पिशवीतून घरून काकींनी दिलेल्या पुरणपोळ्या काढल्या.

तीनच्या सुमाराला डोंगरावर काळोख दाटला. परतीचा पाऊस तसा गडगडून चार थेंब टाकून जातो, पण त्या दिवशी तो धरणाच्या डोक्यावरच बसला. सव्वातीनला एक वीज अशी पडली की खोलीची कौलं हादरली आणि लाईट गेली. धरण आधीच काठोकाठ. कुलथे साहेब छत्री सोडून भिजतच धावत आले.

“फडतरे, तासाभरात दोन दरवाजे उचलावे लागणार. पाणी चढतंय. खडकवळला सांगा लगेच.”

“आज दसरा हाय साहेब,” अण्णा म्हणाले. “पाचला पालखी निघती त्यांची. शिलंगणाला आख्खं गाव नदी ओलांडून पलीकडच्या आपट्याकडं जातंय.”

“म्हणूनच म्हणतोय, लगेच.”

साहेब बाहेर धरणाच्या भिंतीकडे वळले. अण्णांनी कानाला हेडफोन लावला आणि खटका बॅटरीकडे केला.

आवाज फार झाला नाही. तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तेवढाच. मग सेटच्या मागून निळसर धूर आला आणि जळक्या लाखेचा वास खोलीभर पसरला. अण्णांनी झटक्यात खटका मागे घेतला. पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. काचेचा फ्यूज असता तर तो उडाला असता, अण्णांनी तारा फिरवून दुसरा बसवला असता आणि पाच मिनिटांत खडकवळ बोललं असतं. चांदी उडत नाही. ती सगळा करंट निमूट जाऊ देते.

अण्णा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. दोन लाल टोकं, मधे कोमेजलेला झेंडू, आणि तारेत चकाकणारी चांदी. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. मग त्यांनी झाकण होतं तसं परत लावलं. साहेब दारात परत आले होते, त्यांना आतलं काही दिसलं नाही.

“काय झालं?”

“सेट गेला साहेब,” अण्णा म्हणाले. “मी सायकलनं जातो.”

“मी जातो,” मी म्हणालो. खरंच म्हणालो. जीप दसऱ्यासाठी ड्रायव्हर गावाला घेऊन गेला होता आणि धरणावर दुसरं वाहन नव्हतं.

“तू गेलास तर जनरेटर कोण चालवणार? दरवाजे उचलायचेत,” अण्णा म्हणाले. त्यांनी डोक्याला टॉवेल बांधला. “साहेब, पाच वाजेपत्तर थांबा. त्याच्या आत दरवाजा हलवू नका.”

“पाचच्या पुढे मला थांबता यायचं नाही, फडतरे.”

“मला तेवढं बास हाय.”

पंचावन्न वर्षांचा माणूस, घाटाचा नऊ किलोमीटर उतार, मुसळधार पाऊस आणि मागचा ब्रेक नसलेली सायकल. मी जनरेटर चालू केला, मोटरींना लाईट दिली आणि मग भिंतीवर उभा राहून पाणी बघत राहिलो. साहेब दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. पावणेपाचला पाणी भिंतीच्या वरच्या खुणेला लागलं. साहेबांचा चेहरा पांढराफटक झाला होता, पण ते थांबले. पाचला दोन मिनिटं होती तेव्हा ते मला म्हणाले, “उचल.” मी बटण दाबलं. दोन्ही दरवाजे वर गेले आणि खाली शेळवीचं पात्र तांबड्या पाण्याने भरलं. तसा आवाज मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. त्या पाण्याला खडकवळला पोहोचायला पाऊण तास लागतो. तो पाऊण तास मी कसा काढला ते सांगण्यात काही अर्थ नाही.

अण्णा पोहोचले होते. खडकवळच्या शेवटच्या वळणावर सायकल घसरली आणि त्यांची मांडी मोडली, तरी एका बैलगाडीवाल्याने त्यांना उचलून पात्रापर्यंत नेलं. पालखी निम्म्यात आली होती. अण्णांनी गाडीत पडल्यापडल्या ओरडून ढोल थांबवला. अर्धं गाव अलीकडे परतलं, अर्धं पालखीसह पलीकडे चढलं, आणि पंधरा मिनिटांत मधे नदी झाली. माणूस एकही गेलं नाही. काठावरच्या काही पाण्याच्या मोटरी, काही शेळ्या वाहून गेल्या. पालखी दोन दिवस पलीकडच्या आपट्याखाली राहिली.

माणूस गेलं नाही, म्हणून मी त्या रात्री देवापुढे डोकं टेकलं. आणि सकाळी उठून पहिलं काम काय केलं, तर वायरलेस खोलीत जाऊन झेंडू फेकला आणि चिंधीने दोन्ही टोकांचं कुंकू पुसलं. तारा मात्र तशाच उलट्या ठेवल्या. चांदीही तशीच ठेवली. त्यांना हात लावायचा धीर झाला नाही.

चौकशी आठ दिवसांनी विश्रामगृहात झाली. शहरातून मोठे साहेब आले होते. अण्णांना दवाखान्यातून जीपने आणलं, पाय कमरेपासून प्लास्टरमध्ये, समोरच्या स्टुलावर आडवा ठेवलेला. मी दाराशी उभा होतो.

“बॅटरी उलटी जोडलेली सापडली,” मोठे साहेब कागद बघत म्हणाले. “आणि फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी. फडतरे, तुम्ही सिग्नलमध्ये होतात ना?”

“व्हय साहेब.”

“ही जोडणी कोणी केली?”

“वायरलेस खोलीतल्या वस्तूंची जबाबदारी माझी हाय साहेब.”

“मी जबाबदारी विचारली नाही. जोडणी कोणी केली?”

साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही वायरमन ना? काय नाव?”

“सर्जेराव लोहार, साहेब.”

“फडतरे रजेवर असताना तुम्ही बॅटरीला हात लावला होता?”

खोलीत कुलथे साहेब होते, त्यांच्या टेबलावर माझ्या ऑर्डरचा कागद होता हे मला माहीत होतं. बायकोला सातवा महिना होता. ही दोन्ही कारणं खरी आहेत, आणि दोन्ही मिळून काही होत नाही. मी अण्णांच्या प्लास्टरकडे बघितलं आणि म्हणालो, “न्हाई साहेब.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पायावरची चादर तेवढी नीट केली.

‘निष्काळजीपणा’ असा शेरा त्यांच्या सेवापुस्तकात लागला. सत्काराचं नाव मागे आलं. चांदीचं प्रकरण तर सगळ्या खात्यात गाजलं, फडतऱ्यांची चांदी म्हणून पुढे कितीतरी वर्षं लोक हसायचे. त्यांच्या हातून ज्या माणसांचा जीव वाचला त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. अण्णा लंगडत लंगडत आणखी तीन वर्षं नोकरीत राहिले. माझ्याशी बोलणं तोडलं नाही, कामाचं बोलायचे, सणाला पानं द्यायचे. बॅटरीची पेटी मात्र त्यांनी कुलपात ठेवायला सुरुवात केली. मी पौषात कायम झालो.

एकोणीस वर्षांनी, दोन हजार पाच साली, मला खात्याचं पत्र आलं. चांगल्या सेवेबद्दल सव्वीस जानेवारीला माझा सत्कार होणार होता. पत्र हातात घेऊन मी दोन दिवस नुसता बसून होतो. तिसऱ्या दिवशी फडतरवाडीची एसटी धरली.

अण्णा ओट्यावर बसले होते, काठी शेजारी. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. “सर्जा न्हवं का? ये, बस. अगं, चहा टाक, धरणावरचा सर्जा आलाय.” काकी चहा ठेवून आत गेल्या, आणि मी सगळं बोलून टाकलं. पाट, रिठ्याचं पाणी, दोन्ही टोकांचं कुंकू, चांदी, चिंधी, चौकशी. एकोणीस वर्षं जीभ रेटली नव्हती, आणि बोलायला लागल्यावर ते चहा निवायच्या आत संपलं. मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं नाही.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मला ठावं हाय की ते,” ते म्हणाले.

“झाकण उघडलंत तेव्हाच कळलं असणार.”

“त्याच्या आधीच. दुपारी मी टेबलाखाली वाकलो ना, तवा फरशीवर रिठ्याच्या पाण्याचे डाग होते. झाकणाच्या कडेला हळदीची बोटं होती. मी आंधळा नव्हतो तवा.”

“मग झाकण उघडलं का न्हाई, अण्णा?”

“तुला विचारलं होतं की मी. तू न्हाई म्हणालास.” त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. “त्यावर झाकण उघडायचं म्हंजे तुला तोंडावर खोटं पाडायचं. सणाचा दिवस, तुझ्या हातात मी दिलेलं सोनं. म्हटलं, जाऊ दे, सांगेल संध्याकाळपत्तर आपणहून. मीटर कपाटात होता, दोन मिनिटाचं काम होतं. फौजेत आम्हाला शिकवलं होतं, जोडणी मीटरवर तपासायची, माणसाच्या शब्दावर न्हाई. मी तुझ्या शब्दावर ठेवली. गाव वाहून गेलं असतं, सर्जा. तवा तो निष्काळजीपणाचा शेरा खोटा न्हाई. बरोबर माणसाच्याच नावावर लागला.”

ते रागाने बोलले असते तर मी उभ्या उभ्या पाय धरले असते. ते हिशोबाने, नेहमीच्या आवाजात बोलत होते. इतकी वर्षं मी समजत होतो की त्यांनी माझा गुन्हा अंगावर घेतला. त्यांनी स्वतःचाच गुन्हा घेतला होता, आणि तो गुन्हा म्हणजे माझ्यावर ठेवलेला विश्वास होता. यावर माफी कशी मागायची ते मला कळेना.

तेवढ्यात लाईट गेली. त्या वर्षी भारनियमन आठ-आठ तास असे. काकी आतून म्हणाल्या, “त्या इन्व्हर्टरची नवी बॅटरी आठ दिवस झाले आणून ठेवलीया पोरानं. जोडायला मिस्त्री काय येईना.”

“मिस्त्री कशाला? हा हाय की,” अण्णा म्हणाले. “सर्जा, जोडून दे.”

मला वाटलं, हेच ते. यातच सगळं आलं. मी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. इन्व्हर्टरची पिन भिंतीतून काढली, खटका बंद केला. कोपऱ्यातल्या खिळ्याला अण्णांचा तोच चामड्याच्या म्यानातला मीटर टांगलेला होता, तो घेतला. नव्या बॅटरीवर खुणा ठसठशीत होत्या, तरी मीटर लावून बघितलं. फ्यूज बघितला, काचेचा होता. लाल तार अधिकला, काळी उणेला, दोन्ही पान्याने आवळल्या, पुन्हा एकदा मीटर लावला, टोकांना व्हॅसलीन लावलं. इतक्या जपून मी चारशे चाळीसलाही कधी हात लावला नव्हता.

“झालं, अण्णा,” मी म्हणालो. “बरोबर हाय. दोनदा बघितलं मी.”

अण्णा काठी टेकत आत आले. भिंतीला धरून, तो न वळणारा पाय बाजूला काढून, हळूहळू खाली बसले आणि त्यांनी माझ्यापुढे हात पसरला.

“मीटर दे,” ते म्हणाले.

मी दिला. त्यांनी चाचपडत दोन्ही पिना दोन टोकांना लावल्या, काटा दिसावा म्हणून मीटर पार डोळ्यांशी नेला आणि काटा स्थिर होईपर्यंत बघत राहिले. मग पिना काढल्या, तारा नीट गुंडाळल्या आणि मीटर म्यानात घातला.

“आता लाव खटका,” ते मला म्हणाले.